तबकडीचे दुखणे

दिवेलागणीची वेळ आहे. मुलाला शाळेसाठी एक तक्ता छापून हवा आहे, म्हणून आपण घरचा संगणक सुरू करता. एरवी दोन मिनिटांत सज्ज होणारे ते यंत्र आज दहा मिनिटे झाली तरी पडद्यावर चक्रच फिरवीत बसते. शेवटी ते एकदाचे जागे होते. पण छायाचित्रांचा फोल्डर उघडू जाता सारा पडदा गोठून राहतो, आणि पेटीच्या आतून पूर्वी कधी न ऐकलेला 'टक्, टक्' असा आवाज येतो. आपण यंत्र बंद करता, पुन्हा सुरू करता. या वेळी ते सुरळीत चालते. आपण सुटकेचा निःश्वास टाकता, तक्ता छापून घेता आणि झाला प्रकार विसरून जाता.

वाचकहो, हा प्रकार विसरून जाण्याजोगा नाही, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आपल्या आजोबांच्या काळी घरातील मोलाचे कागद लाकडी पेटीत असत आणि त्या पेटीची किल्ली घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कनवटीला असे. आज लग्नाची छायाचित्रे, मुलांची प्रमाणपत्रे, घराच्या खरेदीखताची प्रत, निवृत्तिवेतनाचा पत्रव्यवहार आणि दुकानाचा जमाखर्च हे सारे संगणकातील एका चपट्या डबीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, साठविलेले असते. ही डबी बिघडली तर नवी विकत मिळते. तिच्यातील मजकूर मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

या लेखात सांगावयाची मुख्य गोष्ट एकच आहे आणि ती आरंभीच सांगून टाकतो. डिस्कविषयी संशय येताच प्रथम मजकूर बाहेर काढावा, त्यानंतर दुखण्याचे निदान करावे आणि दुरुस्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा करतात. मीही एकदा तो उलटा केला होता. त्याची हकीकत पुढे येईल.

डबीच्या आत काय आहे?

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. त्या वर्षी आयबीएम या अमेरिकन कंपनीने 'रॅमॅक' नामक संगणकाबरोबर जे साठवणयंत्र बाजारात आणले, त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका आसाभोवती फिरत असत. यंत्राचे वजन एक टनाहून अधिक. आणि एवढ्या सगळ्या अवडंबरात मावत ती सुमारे ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेले एखादे मोठे छायाचित्रही तेवढी जागा व्यापते.

आकार पुष्कळ घटला असला तरी रचनेचे तत्त्व आजही तेच आहे. टेबलावरील संगणकात साडेतीन इंची आणि लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क असते. आत चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर जशी सुई, तशी या तबकड्यांवर एका दांडीच्या टोकाशी असलेली 'हेड' नावाची चिमुकली वाचणी फिरते. फरक एवढाच की, ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकलेली असते, तर ही वाचणी वेगाने निर्माण झालेल्या हवेच्या झोतावर तरंगते. दोहोंमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडीच हजारो नॅनोमीटर भरते. धुळीचा साधा कण त्या फटीपुढे डोंगराएवढा ठरावा!

वाचणी चुकून तबकडीला टेकली तर लेप खरवडला जातो, आणि त्या जागेवरील मजकूर कायमचा नष्ट होतो. उडालेली भुकटी आतच फिरत राहून आणखी ओरखडे पाडते. म्हणूनच चालू संगणकाला धक्का लागणे, लॅपटॉप खाली पडणे अथवा वीज वारंवार अचानक जाणे या गोष्टी डिस्कला बाधक होतात. असा अपघात एकदाही झाला नाही, तरी फिरणारे यंत्र कधी ना कधी झिजणारच.

तबकडीवरील जागा 'सेक्टर' नावाच्या लहान लहान घरांत विभागलेली असते. एखादे घर क्षीण झाले, तर डिस्क ते लगेच सोडून देत नाही. पुनःपुन्हा वाचण्याचा यत्न करते. पडदा गोठून राहण्याचे एक कारण हेच असते. अनेक प्रयत्नांनंतर वाचन साधले तर डिस्क तो मजकूर राखीव घरांपैकी एकात हलवून जुन्या घरावर काट मारू शकते. हे काम ती कोणालाही न विचारता करते. त्यामुळे दुखणे आतल्या आत बरेच दिवस चालू असते, आणि आपल्याला कळते तेव्हा ते पुष्कळदा पुढच्या अवस्थेत गेलेले असते.

दुखण्याची लक्षणे

चार लक्षणे विशेष लक्षात ठेवावीत. पहिले, एखादी फाइल किंवा फोल्डर उघडताना यंत्र थबकते आणि काही वेळाने जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू लागते. दुसरे, काल उघडणारी फाइल आज 'वाचता येत नाही' किंवा 'बिघडली आहे' असा संदेश देते, अथवा फोल्डरांची नावे विचित्र अक्षरांत दिसू लागतात. तिसरे, संगणक सुरू होताना आपण होऊन डिस्कची तपासणी करू लागतो, किंवा 'डिस्क सापडत नाही' असे सांगतो. चौथे आणि सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे आवाज. डिस्क काम करताना मंद खरखर होते, ती स्वाभाविक आहे. परंतु ठरावीक अंतराने येणारी टकटक, खरवडल्यासारखा कर्कश ध्वनी किंवा फिरू पाहून थांबणाऱ्या चाकाची घरघर ही वाचणीच्या अथवा मोटारीच्या बिघाडाची खूण होय.

तथापि, संगणकाच्या प्रत्येक आळसाचा दोष डिस्कच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. डिस्क काठोकाठ भरलेली असणे, स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, अपुरी असणे, एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालू असणे, संगणकात विषाणू शिरलेला असणे, वीजपुरवठा करणारा भाग दुबळा होणे किंवा डिस्कची केबल सैल होणे यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. बाहेरून जोडावयाची डिस्क असेल, तर दुसरी केबल आणि संगणकाचे दुसरे तोंड वापरून पाहावे. टेबलावरील संगणक असेल, तर वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, केबल घट्ट बसविली आहे ना हे पाहण्यास हरकत नाही. या साध्या उपायांनी डिस्कला इजा होत नाही, आणि कित्येकदा दुखणे इथेच संपते.

परंतु ते संपले नाही, तर पुढचा प्रश्न येतो : आता काय करावे?

माझी चूक

आता ती हकीकत सांगतो. माझे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. भुसावळ ते इटारसी या मार्गावरील लहान लहान स्थानकांवर त्यांची उमेद गेली. निवृत्त झाल्यावर मी त्यांना आठवणी लिहिण्याचा आग्रह धरला; परंतु हाताला कंप असल्यामुळे त्यांना लिहिणे जमेना. तेव्हा असे ठरले की, रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी सांगावे आणि मी संगणकावर उतरून घ्यावे. भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला ऐकता ऐकता लिहिण्याची सवय असते. दोन हिवाळ्यांत अकरा प्रकरणे झाली. कागदावर त्यांतले एक अक्षरही नव्हते.

तिसऱ्या वर्षी संगणकाने वर वर्णिलेली लक्षणे दाखविण्यास आरंभ केला. एके रात्री 'डिस्कची तपासणी करावयाची आहे' असा संदेश पडद्यावर आला. यंत्र स्वतःच उपचार सुचवीत आहे, तर तो करावा, असे मला वाटले. मी संपूर्ण पृष्ठभाग तपासून दुरुस्त करण्याचा पर्याय निवडला आणि झोपी गेलो. सकाळी आकडा ३१ टक्क्यांवर खिळलेला होता, आणि आतून टकटक ऐकू येत होती. त्यानंतर ती डिस्क संगणकाला पुन्हा कधी दिसली नाही.

पुढे एका जाणकाराने तिच्यातील पुष्कळसा मजकूर काढून दिला. त्यासाठी नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट खर्च आला. अकरापैकी आठ प्रकरणे मिळाली. तीन मिळाली नाहीत. आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे खर्चून ती अकरा प्रकरणे पेन ड्राइव्हवर घेतली असती, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता. सारी मिळून एका छायाचित्राएवढीही जागा त्यांना लागली नसती!

आधी सोडवणूक

यास्तव संशय येताच पहिली गोष्ट ही की, त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. नवा कार्यक्रम तिच्यावर बसवू नये, अनावश्यक फाइली खोडून 'जागा मोकळी' करण्याच्याही भानगडीत पडू नये. नंतर दुसरी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडून मजकूर तिच्यावर उतरवावा. याच डिस्कच्या दुसऱ्या भागात, उदाहरणार्थ 'सी' मधून 'डी' मध्ये, प्रत घेणे निरर्थक आहे. कारण दोन्ही भाग बहुधा त्याच तबकड्यांवर असतात.

सोडवणुकीतही क्रम असावा. आग लागलेल्या घरातून कोणी आधी कपाट ओढीत नाही, आधी मुले बाहेर काढतात. जे पुन्हा मिळणार नाही ते प्रथम घ्यावे : स्वतः लिहिलेला मजकूर, हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे, आवाजाच्या ध्वनिफिती. चित्रपट, गाणी आणि विकत घेतलेले कार्यक्रम शेवटी घ्यावेत किंवा सोडून द्यावेत. संपूर्ण डिस्क एकदम उचलू नये. एकेक फोल्डर घ्यावा. एखादी फाइल अडून बसली तर तिच्याशी हट्ट न धरता पुढे जावे. 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' यांखेरीज 'डेस्कटॉप' व 'डाउनलोड्स' हेही फोल्डर आठवणीने पाहावेत. घरातील अर्धीअधिक कागदपत्रे तेथेच पडलेली असतात.

विंडोज सुरूच होत नसेल, तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली. ती डिस्कवर काहीही न बसविता संगणक सुरू करते आणि फाइली वाचू देते. दुसरा म्हणजे डिस्क काढून, यूएसबी जोडणीच्या डबीत घालून, ती दुसऱ्या संगणकाला लावणे. या वेळी 'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' असा प्रश्न पडद्यावर येण्याचा संभव असतो. त्याला नकारच द्यावा. फॉरमॅट म्हणजे जुन्या वहीची अनुक्रमणिका फाडून नवी कोरी अनुक्रमणिका लावणे होय. तसेच, पुष्कळ नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर 'बिटलॉकर'सारख्या सोयीने कुलूपबंद केलेला असतो. तो अन्यत्र उघडण्यासाठी ४८ अंकी पुनःप्राप्ति-किल्ली लागते. ती बऱ्याचदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. संगणक धडधाकट आहे तोवरच ती शोधून कागदावर लिहून ठेवणे शहाणपणाचे.

थोड्याबहुत अनुभवी वाचकांसाठी लिनक्सवर 'डीडी-रेस्क्यू' नावाचा विनामूल्य कार्यक्रम आहे. तो डिस्कचे सुस्थितीतील भाग आधी वेगाने उतरवितो, खराब भाग टाळून पुढे जातो, आणि त्यांच्याकडे अखेरीस परत येतो. कोणते भाग झाले, कोणते राहिले, याची नोंद ठेवण्यास सांगितल्यास मध्येच थांबूनही काम पुढे चालू करता येते. मात्र मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, यांची अदलाबदल झाल्यास कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि सर्वनाश ओढवेल. ज्याला याविषयी पूर्ण खात्री नाही, त्याने हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

आणि जर डिस्क टकटक करीत असेल, तर? तर वरीलपैकी काहीही करू नये. संगणक तत्काळ बंद करावा. अशा स्थितीतील प्रत्येक मिनिट तबकडीवर नवा ओरखडा उमटवू शकते. मजकूर अमोल असेल, तर डिस्क जशीच्या तशी मजकूर-पुनःप्राप्तीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. मजकूर तितका मोलाचा नसेल, तर डिस्कचा मोह सोडावा.

मग निदान

मजकूर सुरक्षित झाला की, शांतपणे निदानाकडे वळावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवीत असते. तिला 'स्मार्ट' असे नाव आहे. विंडोजवर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' आणि लिनक्सवर 'स्मार्टमॉनटूल्स' हे विनामूल्य कार्यक्रम ती वही वाचून दाखवितात. तीत पुष्कळ ओळी असतात. सामान्य गृहस्थाने मोजक्या पाहिल्या तरी पुरे.

क्रमांक ५ ची ओळ किती घरांवर काट मारून मजकूर राखीव घरांत हलविला, हे सांगते. क्रमांक १९७ ची ओळ किती घरे सध्या संशयास्पद आहेत, हे दर्शविते. क्रमांक १९८ व १८७ या ओळी जी घरे वाचताच आली नाहीत, किंवा ज्या चुका दुरुस्त होऊ शकल्या नाहीत, त्यांची संख्या देतात. निरोगी डिस्कमध्ये या ओळींचा मूळ आकडा शून्य असणे इष्ट. तो शून्याहून अधिक असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. क्रमांक १९९ ची कथा मात्र निराळी आहे. ती डिस्क आणि संगणक यांच्या संभाषणातील चुका मोजते; तो आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलल्यावर आकडा खाली येत नाही. परंतु वाढायचा थांबला, म्हणजे निदान बरोबर ठरले. काही कार्यक्रमांत हे आकडे संगणकाच्या षोडशमान पद्धतीने लिहिलेले असतात, त्यामुळे 'A' सारखे अक्षर दिसल्यास गोंधळू नये. शून्य आहे की नाही आणि वाढते आहे की नाही, एवढेच पाहावे.

या नोंदवहीवर किती विसंबावे? गूगल कंपनीतील तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढील ६० दिवसांत ती डिस्क निकामी होण्याचा संभव, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या मानाने, ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे पहिली चूक ही क्षुल्लक बाब नव्हे. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदवहीत चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही खूण उमटलेली नव्हती. तात्पर्य, नोंदवही वाईट म्हणत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा. चांगले म्हणत असेल तर निर्धास्त होऊ नये.

दुरुस्ती कशाची?

विंडोजमधील 'चेक-डिस्क' नावाची तपासणी पुष्कळांना रामबाण वाटते. वस्तुतः ती डिस्कच्या यंत्राची दुरुस्ती करीत नाही. कोणती फाइल कोठे आहे, या अनुक्रमणिकेची करते. वीज अचानक गेल्यामुळे अनुक्रमणिकेत घोटाळा झाला असेल आणि तबकडी निरोगी असेल, तर तिचा उत्तम उपयोग होतो. परंतु तबकडीच झिजलेली असेल, तर सारा पृष्ठभाग वाचून काढण्याचे श्रम तिला सोसत नाहीत. शिवाय ज्या तुकड्यांचा मेळ लागत नाही, ते तपासणी निनावी फाइलींत टाकून देते किंवा वगळते. माझ्या डिस्कचे नेमके हेच झाले. म्हणून प्रत हाती असल्याखेरीज हा उपाय करू नये.

काही घरगुती तोडगेही कानी येतात. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावी, असे कोणी सांगतो. बाहेर काढताच हवेतील दमट बाष्प तिच्यावर धरते, आणि पावसाळी हवेत तर विचारूच नये. कोणी डबीचे झाकण उघडून पाहण्यास सुचवितो. घरातील हवेत धूळ किती असते आणि वाचणीखालची फट किती अरुंद असते, हे आपण वर पाहिलेच. कोणी तशाच दुसऱ्या डिस्कचा विद्युत्फलक काढून बसवितो. परंतु आधुनिक डिस्कच्या फलकात त्याच डिस्कची खास मोजमापे नोंदलेली असतात, त्यामुळे नुसती अदलाबदल सहसा उपयोगी पडत नाही.

नव्या संगणकांत तबकडीऐवजी 'एसएसडी' असते. तीत फिरणारा भाग नसल्यामुळे ती धक्का अधिक सोसते आणि वेगाने काम करते. परंतु ती अमर नव्हे. टकटक होत नसल्यामुळे ती पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता एकाएकी मुकी होते. आणि तिच्यावरून खोडलेली फाइल परत मिळण्याची आशाही सहसा कमीच असते. म्हणजे तबकडी गेली तरी सावधगिरीची गरज गेली नाही.

निकामी डिस्क हमीच्या मुदतीत असेल, तर कंपनी ती बदलून देते. मजकूर भरून देण्याची जबाबदारी त्या हमीत नसते. आणि जुनी डिस्क रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तिच्यावरील मजकूर पूर्णतः पुसावा, किंवा तबकड्याच निरुपयोगी कराव्यात. आपल्या बँकेचे कागद कोणा अनोळखी माणसाच्या हाती जाणे बरे नव्हे.

पूर्वतयारी

अखेरीस, या सर्व धावपळीची वेळच येऊ नये यासाठी काय करावे? जाणकारांनी एक सोपा दंडक घालून दिला आहे : महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा परगावी राहणाऱ्या बहिणीच्या कपाटात, अशी व्यवस्था कोणत्याही कुटुंबाला करता येईल. घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली, तरी ती तिसरी प्रत शाबूत राहते.

तीन गोष्टींचे भान ठेवावे. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी. ती सदैव जोडलेली राहिली, तर विजेचा एकच झटका किंवा एकच विषाणू दोन्ही प्रती घेऊन जाईल. मोबाइल आणि इंटरनेट यांमध्ये आपोआप होणारी देवाणघेवाण म्हणजे प्रत नव्हे. एका ठिकाणी खोडलेली वस्तू ती दुसऱ्या ठिकाणीही खोडू शकते. आणि प्रत घेतल्यावर तीतील दोनचार फाइली अधूनमधून उघडून पाहाव्यात. कारण न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते. विजेचा लपंडाव जेथे नेहमीचा आहे, तेथे टेबलावरील संगणकाला यूपीएस जोडणेही हिताचे. महिन्याचा एक दिवस यासाठी ठरवून टाकावा. विजेचे बिल भरण्याच्या दिवशीच प्रत घेतली, तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

माझ्या वडिलांनी ती तीन प्रकरणे मला पुन्हा सांगितली. ती पहिल्यासारखी झाली नाहीत. पहिल्या वेळी एका रात्रपाळीतील धुक्याचे वर्णन करता करता ते मध्येच थांबले होते आणि एका जुन्या सहकाऱ्याविषयी कितीतरी वेळ बोलले होते. दुसऱ्या वेळी त्यांना तो धागा आठवला नाही, आणि मलाही तो नीटसा जोडून देता आला नाही. तरीही अकरा प्रकरणे पूर्ण झाली. आज ती घरच्या संगणकात आहेत, माझ्या बहिणीच्या इंदूरच्या घरी एका डिस्कवर आहेत, आणि कागदावर छापून वडिलांच्या उशाशीही आहेत. त्यांचा विश्वास अर्थातच कागदावर अधिक आहे.

वाचकहो, हा अंक बाजूला ठेवल्यावर आपल्या घरच्या संगणकापाशी जा. तो कुरकुरत असो वा नसो, जे पुन्हा मिळणार नाही असे त्यात काय आहे, याचा क्षणभर विचार करा, आणि त्याची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. दहा मिनिटांचे काम आहे.